डब्यांवरची अक्षरं

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले की मला ते नवरा-बायको आठवतात. बऱ्याच वर्षांपूर्वी ते माझ्या शेजारी बाकावर बसले होते. नवऱ्याच्या सदऱ्याला जळक्या लाकडाचा वास येत होता.

"डॉक्टरांना काय सांगणार? घरी लेझरनं कापायचं यंत्र केलंय म्हणून?"

"सांगेन की. पेटीला झाकण आहे, मी गॉगलही लावतो."

"घालवा उरलीसुरली नजर त्यात."

"ती तशीही जाणारच आहे, त्यांनीच सांगितलंय. दिसतंय तोवर कापून घेतो."

"माझी खोकी कापलीत, चामड्याची पर्स कापलीत. घरभर धूर."

"पुठ्ठा लगेच मऊ पडतो. प्लास्टिकची कड बोटाला लागते. चामड्यावरचं अक्षर बोटाला कळतच नाही. लाकूड बरं. ही बघ, डब्यांवर चिकटवायची पट्टी."

"डबे मी उघडते ना. मी काय मेलेय?"

"तू झोपलेली असतेस तेव्हा चहा कोण करतं?"

त्यांनी पट्टी बाईंच्या हातात दिली.

"डोळे मीट. आता बोट फिरव. काय लिहिलंय?"

"थांबा हो, घाई करू नका. साखर."

"मीठ आहे ते."

"परत द्या बघू. हं. मीठ कुठलं, मला साखरच लागतेय."

तेवढ्यात आतून बोलावणं आलं. बाईंनी पट्टी आपल्या पिशवीत ठेवली आणि नवऱ्याचा हात धरून त्या उठल्या.

"घरी गेल्यावर अक्षरं मोठी कापा. मला खारट चहा चालायचा नाही."