ब्राहिमचाचांची जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ब्राहिमचाचांचा डफ मी मुद्दाम भिजू दिला.

मी मूळचा मिरजेचा. मिरज म्हटलं की लोक तंबोऱ्यांचं विचारतात, आमच्या घरात मात्र ढोलकी, वडील भजनात वाजवायचे, हात त्यांनीच घडवला, मग इंजिनियर झालो, विमानांच्या कामावर हॅम्बर्गला आलो आणि ढोलकी तळघरात, केलरमध्ये, सायकलींच्या मागं पडली. मुलीला, सईला, शिकवायला एकदा बसलो, तर उठलीच, बाबा, लांगवाइलिश, म्हणजे कंटाळवाणं. बरं म्हटलं.

आणि काय सांगू तुम्हाला, तीच पोरगी नादिया नावाच्या मोरोक्कन मैत्रिणीच्या ग्रुपमध्ये जर्मनमधून रॅप करायला लागली, आणि त्या रॅपला ताल कुणाचा, तर नादियाच्या आजोबांचा, त्यांच्या गावाकडच्या डफाचा. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्यासमोर सई मांडी घालून बसायची हो, चुकली की ते बोटावर टिचकी मारायचे आणि ही हसायची. मी न्यायला गेलो की दारातच उभा, बूटसुद्धा न काढता. जळायचो नुसता.

मग बंदरावर कार्यक्रम ठरला, आम्ही सगळे फेरीबोटीनं निघालो. एरवी चाचा वाजवण्याआधी डफ हीटरशी शेकायचे, आमच्याकडं ढोलकी उन्हात ठेवायचे तसंच. त्या दिवशी बंदरावर शेकायची सोय नव्हती, म्हणून डफ कोरडा ठेवायला माझ्याकडं दिला, मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, धर, तुला चामडं कळतं. कळत होतंच, म्हणून तर पिशवीची चेन उघडून डेकवर उभा राहिलो. पाऊस बारीकच होता, पण पुरला. स्टेजवर त्यांनी थाप मारली तर आवाज ओल्या पोत्याचा. पोरं गातायत आणि चाचा तळहातानं चामडं चोळतायत, परत मारतायत, परत चोळतायत, शेवटी डफ मांडीवर आडवा ठेवून बसून राहिले. खाली उतरल्यावर म्हणाले, असल्या दमट हवेतही वाजवायचो मी, हात म्हातारा झाला माझा. मी डफ पिशवीत घातला आणि आता चेन लावली.

पुन्हा ते वाजवायला बसलेच नाहीत. सई म्हणाली, बाबा, तुझी ढोलकी केलरमध्येच आहे ना?

आता दर शनिवारी त्यांच्या जागेवर मी बसतो. सई समोर मांडी घालते. हवं होतं तेच, गेनाऊ, अगदी तेच मिळालं. चाचा ऐकायला येतात, माझ्या पंज्यावर हात ठेवतात, म्हणतात, अल्ला या हाताला बरकत देवो.

त्यांचा हात म्हातारा झालेला नव्हता. एवढं एक वाक्य मी त्यांचं देणं लागतो, तेही सईसमोर. अजून दिलेलं नाही.