चौथी दाढ

धम्मरत्न : भिताडाले पाठ लाव, माणिक! हालला तं काठीनं डोस्कं फोडतो तुयं.

पल्लवी : मामा, सोडा बाबांना! ओठ फाटला त्यांचा, रक्त येऊन राह्यलं. आईला जाऊन आज आठवा दिवस आहे.

धम्मरत्न : तू मधात येऊ नको, पल्लवी. माया बहिणीले यानं मारून मारून संपवलं. शेजारच्या हौसाबाईनं आपल्या कानानं आयकलं. ‘हात लावू नका, मेली मी,’ असं रोज वरडे रत्नमाला.

माणिकराव : वरडे. खरं हाय.

धम्मरत्न : आन तोंडातल्या चार दाढा? त्या कोनं पाडल्या?

माणिकराव : तीन मंगरूळच्या बाजारातल्या दातवाल्यानं काढल्या. चौथी म्या. पकडीनं.

धम्मरत्न : पकडीनं? अबे, ते काय दरवाजातला खिळा होता? घे! हे घे!

पल्लवी : मामा! आता मारायचं तर आधी मला मारा.

माणिकराव : सरक, पोरी. धम्मा, तिनं पाय धरले माये. ‘काढा जी, नाही तं विहिरीत उडी घेतो,’ म्हने. मंग मांडीत मान दाबली आन उपटली. पांढरीफेक दाढ निघाली. कीड नाही, काही नाही.

पल्लवी : दाढेत काही नव्हतंच. मी नर्सिंग शिकते, तरी मलाही दात दुखतो असंच वाटलं. परवा अकोल्याच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, तेव्हा कळलं. मेंदूच्या खाली देठ असतो, मामा. चेहऱ्याची नस तिथं जाते. चेहऱ्याला काय लागलं, ते तिथल्या पेशी ओळखतात. आईची नस तिथंच दबली असणार. मग गालाला पदर लागला तरी त्या पेशी सांगत, सुरी लागली. घास चावला, बोलायला तोंड उघडलं की करंट. म्हणून खाणं सुटलं तिचं. तीस किलोची झाली आणि एका तापात गेली.

धम्मरत्न : आन इलाज?

पल्लवी : गोळी होती. मिरगीवर देतात तीच. बहुतेकांना आराम पडतो.

धम्मरत्न : मंजे… यानं कधी हात नाही उगारला तिच्यावर?

पल्लवी : नाही. मी सांगते ना.

माणिकराव : उगारला.

पल्लवी : बाबा!

माणिकराव : तू होस्टेलवर होती. चौथी दाढ काढली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा वरडली. मले वाटलं, सोंग करून राह्यली. एक हानली. दुखऱ्याच गालावर.

(धम्मरत्नची काठी वर गेली. माणिकरावनं तोंड चुकवलं नाही. काठी तिथंच थांबली.)

धम्मरत्न : मंग? काही म्हनली ते?

माणिकराव : काही नाही. बोलायले तोंड उघडा लागते ना, धम्मा.