शिमशोनकाकाच्या ओसरीतली गाणी

आमी मूळचे कोकणातले, बेने इस्राएल, म्हणजे ज्यू लोक, पण मी जन्मली इकडंच, वर्ध्याले. बाबा रेल्वेत गार्ड होते, बदली होऊन आले अन् इथंच राह्यले, म्हणून माही बोली अशी. अलिबागची आत्या आली का हसायची, म्हणे पोरी तू तं पक्की वऱ्हाडी झालीस. लग्नही रेल्वेवाल्याशीच झालं, मंग गाव सुटलंच नाई.

आता काय सांगू तुमाले, ते पन्नास-बावन्नचं साल असन. आमची घरं इथं मोजकीच, प्रार्थनेले सिनेगॉग नाई. शनवारी दुपारी लेकरं शिमशोनकाकाच्या ओसरीत धर्माचं शिकाले जमत. काका म्हातारे, लय धार्मिक, काकू वारल्यापासून एकटेच. हिब्रूतली प्रार्थना इतकी लांबवून लांबवून म्हणत का अर्धे पोट्टे झोपत अन् अर्धे पाणी प्याले म्हणून पसार होत. मंग त्यायचा घसा बसला, तवा मले म्हणे रिबका, तू शिकव, तुहा गळा बरा हाय.

मी मुंबईले मावसबहिणीकडं गेलती, तिथून गाणी शिकून आली. पण सारीच थोडी घेता येतेत? मी काय करो, भाकरी थापता थापता एकेक म्हणून पाहो, हात आपोआप जलद चालला तं ते गाणं घ्याचं, नाई तं सोडून द्याचं. एक नोहाच्या तारवाचं होतं, पुराच्या वेळी सारे जनावरं त्यात चढतेत ते. त्यात मी आपल्या इकडचे जनावरं घातले, मोर, रोही म्हंजे नीलगाय, म्हैस. पोट्टे तं रोह्यासारखे उड्या मारत, ओसरी हालत होती बाई.

काकाले राग आला. म्हणे हा धर्म हाय का तमाशा, आपण देवापुढं रडलो म्हणून टिकलो. मी म्हटलं, काका, लेकरायले देव रडकाच वाटून राह्यला, मोठे झाल्यावर त्याले भेटाले येतीन काऊन? काका उठून आत गेले अन् दार लावलं.

पुढच्या शनवारी दार बंदच. मी लेकरायले म्हटलं जा घरी, अन् मीही घरी येऊन रडत बसली. एवढ्याशा गावात आपले चार लोक, अन् त्यातही अबोला. तेवढ्यात गल्लीतून आवाज आला. पोट्टे गेलेच नोते, काकाच्या दारापुढं उभे राहून तारवाचं गाणं बेंबीच्या देठापासून म्हणून राह्यले. मी धावली, म्हटलं आता मार खातीन. तं दार उघडलं, काका बाहेर आले, अन् म्हणे, म्हैस काऊन चढली नाई अजून तारवात?

पोट्टे म्हैस विसरलेच होते!

मंग काका पायरीवर बसले अन् बसक्या घशानं एक गाणं म्हणाले, कोकणातलं, मराठीतलं, देवाचं नाव अन् टाळ्या, नाव अन् टाळ्या. म्हणे तुही काकू आमच्या हळदीले हे गायली होती, ती गेल्यापासून तोंडात आणलं नोतं. अन् तोंड फिरवलं. मी निवडलेल्या साऱ्या गाण्यापेक्षा ते जलद होतं, हो! लेकरं नाचून नाचून घामाघूम झाले.

काका गेले त्याले आता लय वर्स झाले. लेकरं कोणी इस्राएलले गेले, कोणी मुंबईले, माही पोरगीही मुंबईलेच. शनवारी मी एकटीच असतो घरी, पण तक्रार नाई माही. जिथं असतीन तिथं देव त्यायले पोटभर देवो, अन् त्यायच्या नातवायले कोणी धर्म शिकवाले बसवलं, तं थोडं नाचूही देवो.