खडूचा खिसा

— नाही नाही, मास्तर, झग्याचा उजवा खिसा नेहमीसारखाच खोल ठेवा. आतून जाड कापड लावा, मागच्या वेळी खडूनं शिवण खाल्ली — खडूनं कसली, माझ्या बोटांनी, शिकवताना मी आत चाळा करत बसतो ना. तुमच्या तोंडात टाचण्या आहेत ते बरंय. शिक्षकाची खोड, समोरचा गप्प असला की मी सुटतो. आणि या दुकानात मास्तर तुम्ही, मी आपला हात वर करून उभा, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

नवा झगा कशाला म्हणाल — जायचंय ना मला. म्हाताऱ्या धर्मगुरूंसाठी घर आहे, तिथं. बिशप स्वतः आले सांगायला. माझाच विद्यार्थी. मुख्याध्यापकाच्या खोलीत माझ्यासमोर बसला — बसले म्हणायला हवं — ते अजूनही खुर्चीच्या टोकावरच. मोठ्यांनी सांगितलं की 'का' विचारायचं नाही, हे मीच शिकवलेलं. आता मी कुठल्या तोंडानं विचारू? शिवाय आज्ञा पाळीन म्हणून तरुणपणी, फादर होताना, वेदीसमोर पालथं पडून शब्द दिलाय. तेव्हा सोपं वाटलं होतं हो! म्हटलं, मुख्याध्यापकाची खुर्ची न्या, पण सातवीचं गणित तेवढं ठेवा, दिवसाला एक तास. हात जोडले मी. त्यांचे डोळे भरले, पण नाही म्हणजे नाही.

आणि माझा वर्ग कसा, विचारा कुणालाही. शेजारच्या वर्गात बाजार भरलेला असतो आणि माझ्या सातवीत कुणी श्वास घेतला तरी ऐकू येईल. छडी नाही, ओरडणं नाही. नव्या शिक्षिकांना मी सांगायचो, बाई, जरब अशी एका दिवसात येत नाही, तिला केस पांढरे करावे लागतात. ऐकून घ्यायच्या बिचाऱ्या. एकमेकींकडे बघायच्या. का बघायच्या ते आता कळतंय —

हात खाली घेऊ? भरून आला. काय सांगत होतो? हां, बिशप. न कळवता आले, आधी वर्गाच्या दाराशी उभे राहिले, त्यांनीच सांगितलं मला. पहिल्या बाकावरची मुलगी, एरवी नुसती टकळी, तिनं ओठांवर बोट ठेवलं. बिशपना गप्प करते! आणि माझ्याकडे खूण केली. मी खुर्चीत होतो. डोळे जरा मिटलेले — झोपलो होतो, मास्तर. खडू हातात, आणि सगळा वर्ग मुकाट्यानं गणितं सोडवतोय, फादरांची झोप मोडू नये म्हणून. आणि हे रोजचंच होतं. रोजचं! पोरांनीच नंतर बिशपना सांगितलं, फादर फार थकतात, त्यांना कुणी उठवू नका. मायेनं सांगितलं हो. त्या मायेनंच माझं तिकीट कापलं. रागावू कुणावर? पोरांवर? बिशपवर? देवावर रागवायचीही सोय नाही, नोकरी त्याचीच.

तिथं फळा नाही. विचारलं मी. बाग आहे, जेवणघर आहे, झोपायला हवा तेवढा वेळ आहे. खिसा... रुमालापुरता करा, पुरे. नाही, थांबा, खोलच असू दे. नको, काय ठेवणार मी त्यात?

टाचण्या का काढताय तोंडातून? नका काढू. बाही राहिलीय ना — ती मोजा.