पेनल्टी कॉर्नर आणि संध्याकाळच्या बातम्या

हॉकीवेड्या माणसाचे हाल काय असतात, ते मी शिरवण्याच्या म्हात्रेकाकांच्या घरी बघितलं. काका तरुणपणी कंपनीच्या टीमचे गोलकीपर. गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे दिवस होते ते. भारताची फायनल लागलेली. कॅमेरा असा भिकार, की बॉल एकीकडे आणि चित्र दुसरीकडे. तरी काका सोफ्याच्या कडेवर बसून प्रत्येक बॉल अडवत होते.

स्कोअर दोन-दोन. शेवटची तीन मिनिटं आणि आपल्याला पेनल्टी कॉर्नर! आपला गडी बॉल मारायला वाकला, आणि पडद्यावर संध्याकाळच्या बातम्या!

काका ताडकन उभे राहिले. मी टीव्ही बंद करायला गेलो, तर ओरडले, "थांब रे! खेळाच्या बातम्यांत स्कोअर सांगतील."

मग मंत्र्यांची उद्घाटनं, धरणातलं पाणी, सगळं आम्ही मुकाट्यानं ऐकलं. काका उभेच. शेवटी बातम्यावाली बाई गोड हसून म्हणाली, "हॉकीचा अंतिम सामना आता रंगात आला असून, त्याचं थेट प्रक्षेपण आमच्याच वाहिनीवर सुरू आहे."

काकांनी टीव्हीपुढे हात जोडले.

"बाय, आमी तिथंच व्हतो. तूच मधी आलीस."