चौदावी जागा

नाही नाही, तिथे नाही — अहो, ती झाडाखालची सोडून! मागे घ्या. अजून. अजून थोडी — बस्स. आता चाकं सरळ करा, नाहीतर मॅच सुटल्यावर त्या पांढऱ्या गाडीवाल्याशी जुंपेल तुमची. हं, वीस डॉलर. पलीकडे चर्चच्या आवारात तीस घेतात, बघून आलात ना? मग! त्यांना छपरासाठी लागतात, मला अंगणातलं गवत कापण्यासाठी. बसा की. ही खुर्ची घ्या, ती नको, तिचा पाय गेलाय. मॅच अडीचला, आता कुठे साडेबारा होतायत, स्टेडियमात जाऊन काय ऊन खाणार आहात? हा पाव घ्या. कोबी आणि खिमा भरलेला आहे, मॅचच्या दिवशी आमच्याकडे घरोघरी असतो. मीठ जास्त असेल, मी केलाय. आर्डिथ होती तेव्हा — बायको माझी. नऊ वर्षं झाली जाऊन. खा, खा.

ती झाडाखालची? ती राखून ठेवलीय. कोणासाठी म्हणजे — आहे एकीसाठी. ते राहू द्या. हिरवी टोपी, म्हणजे तुम्ही हार्लोचे. तिथून गाडी चालवत आलात? अकरा तास? कमाल आहे तुमची, राव. आणि कशासाठी — सोमवारी कॉलेज फुटबॉलच्या अव्वल टीमची यादी बघितलीत ना? पंचवीस नावं, त्यात तुमचं नाही, आमच्या कॉटनवुडचं नाही. म्हणजे आज दुपारी अडीचला जे काय होईल ते होऊन गेल्यासारखंच. तुम्ही जिंकलात तरी कोण विचारतंय, आम्ही जिंकलो तरी कोण विचारतंय. हंगामाची पहिलीच मॅच आणि आपण दोघं बाहेर. तरी बघा, गल्लीत गाड्या मावत नाहीत.

मला विचारा ती यादी कशी होते ते. अहो, मी करायचो! हसू नका. डेल्मर ह्रुस्का. इथल्या 'कुरियर'मध्ये एकतीस वर्षं खेळाचं पान काढलं मी, पेपर बंद पडेपर्यंत. देशभरातले साठेक पत्रकार मत द्यायचे, त्यात एक मी. ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये, लक्षात घ्या — चेंडूला अजून कोणाचा हात लागलेला नसतो. अर्ध्या पोरांना आपल्या बाजूला कोण उभा राहणार ते ठाऊक नसतं. आणि आम्ही स्वयंपाकघरात बसून, बनियनवर, एक ते पंचवीस नंबर लावतोय. कशावरून? गेल्या वर्षीच्या यादीवरून. ती कशावरून? त्याच्या आदल्या वर्षीच्या. वर ज्याचं नाव असतं तो हरला तरी दोन पायऱ्या उतरतो, आणि यादीत नसलेला जिंकत जिंकत येतो तेव्हा थंडी पडलेली असते आणि खुर्च्या भरलेल्या असतात.

बाद फेरीचं तेच. आधी दोन टीम घ्यायचे, मग चार, आता बारा. उद्या सोळा करतील, चोवीस करतील, वाद घालतायत ना टीव्हीवर. माझ्याकडून लिहून घ्या, तेराव्याच्या तोंडाला पानं पुसायची ती पुसणारच, मग तो पंचविसावा असेल. आमच्यासारख्या लहान गटांतल्या टीमसाठी खुर्ची एकच. एक! आणि ती द्यायची कोणाला ते हॉटेलात बसलेली कमिटी ठरवणार. तिचा सवाल काय, तर तुम्ही हरवलंत कोणाला? अरे बाबांनो, हरवायला समोर कोणी यायला तर पाहिजे! मोठ्या गटातले इथे पाय ठेवत नाहीत. बोलावलं तर म्हणतात तुम्हीच या आमच्याकडे, चेक देतो. गेलं तर पंचही त्यांचेच. आणि आमच्या गटात टीम चौदा, मॅच आठ, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कोणीतरी येतच नाही. आमच्याच गटातल्या पायनी रिजला त्या वर्षी सगळे लंगडे घोडे आले. आमच्याशी गाठच नाही! वेळापत्रक ठरवणारा म्हणे संगणक आहे. असेल. त्या संगणकाचा मेहुणा पायनी रिजला असणार.

त्या वर्षी म्हणजे — आम्ही सगळ्या जिंकलो होतो ते वर्ष. बारा पैकी बारा. ऐकलं असेल तुम्ही. ऐकलंय ना? कोच होता कोल्बी रॅस्क. हो, तोच. आता तुमच्याकडे आहे तोच — तुमची बचावफळी सांभाळतो. माझा जावई तो.

अहो, पाव खाली पडला. असू दे, दुसरा घ्या.

जावई माणूस चांगला. सरळ. इथेच समोर राहायचे, ते पिवळं घर दिसतंय ना, गॅरेजवर जाळी लावलेलं. मार्ला माझी मुलगी, आणि टेसा, नात. टेसा सकाळी चप्पल न घालता रस्ता ओलांडून यायची, दुधात घालायचं डब्यातलं काहीतरी असतं, ते इथे खायची आणि मग तिथे जाऊन पुन्हा खायची. मॅचच्या दिवशी मार्ला गाडी या झाडाखाली लावायची, कारण त्यांच्या दारात कोचला भेटायला आलेल्यांचीच गर्दी. तेव्हापासूनची ती तिची जागा.

तर त्या ऑगस्टला मी मत द्यायला बसलो. सगळी टीम मी रोज बघत होतो. सरावाला जात होतो, एकेका पोराचा गुडघा मला माहीत होता. मला विचाराल तर त्यांची जागा चौदावी. उगाच नाही म्हणत, वहीत लिहिलेलं आहे, चौदा — कॉटनवुड. आणि पाठवायच्या वेळी मी ते नाव काढलं. पंचविसावंसुद्धा नाही ठेवलं. पार काढलं. का? अहो, मतं जाहीर होतात! कोणी कोणाला कितवं टाकलं ते सगळ्या देशाला दिसतं. म्हणजे म्हणाले असते, ह्रुस्काने जावयाला वर चढवलं. एकतीस वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. त्या चौदाव्या जागेवर मी टाकलं लेकमाँटला. मोठा गट, मोठं नाव, दर वर्षी यादीत असतातच. त्यांच्या टीममध्ये कोण आहे हेही बघितलं नाही मी. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात, रिकामी जागा दिसली की नावाजलेलं नाव घालून मोकळे.

आता गणित ऐका. चौदाव्या जागेला बारा गुण मिळतात. यादी आली — पंचविसावं लेकमाँट, सव्विसावं कॉटनवुड. फरक किती? सात. सात गुण, राव! माझे बारा इकडचे तिकडे झाले होते. बरं, पुढे काय — सप्टेंबरात लेकमाँटला पायनी रिजने हरवलं. लेकमाँट तेव्हा यादीत, म्हणजे पायनी रिजचा 'मोठा विजय' झाला. ते लेकमाँट नंतर सगळ्या हंगामात तीन मॅच जिंकलं. तीन! पण तो विजय मोठाच राहिला. पायनी रिज पुढे एक मॅच हरलंसुद्धा. आणि डिसेंबरात कमिटीसमोर आम्ही आणि ते. खुर्ची एक. आम्ही न हरलेले, ते एकदा हरलेले. कमिटीतला तो कोटवाला टीव्हीवर म्हणाला — पायनी रिजने यादीतल्या टीमला हरवलंय, कॉटनवुडने कोणाला हरवलं?

मी तिथे होतो. जिममध्ये सगळी टीम बसवली होती, कॅमेरे लावले होते, आमचं नाव येईल आणि पोरं उड्या मारतील म्हणून. बायकांनी केक आणला होता. पायनी रिजचं नाव आलं. कोल्बी उठला आणि टाळ्या वाजवायला लागला, आपल्याच पोरांसाठी, एकटाच. टेसाने मला विचारलं, आजोबा, आपण जिंकलो का? मी म्हटलं हो. काय म्हणणार? जिंकलोच होतो.

नाही, कमिटी म्हणते आम्ही ऑगस्टची यादी बघत नाही. बरोबर आहे. म्हणजे तुम्हीसुद्धा गल्लीत शिरताना माझी पाटी बघितली नव्हती, तरी वीस डॉलर मात्र बरोब्बर मोजलेत. मी सहा वर्षं तेच म्हणतोय स्वतःला — डेल्मर, कमिटी बघत नाही. रात्री झोप येत नाही ती येतच नाही.

मग काय, पोरं फुटली. जानेवारीत चौदा जण गेले मोठ्या कॉलेजांकडे. बारा जिंकूनही इथे काही मिळत नसेल तर राहायचं कशाला? पुढल्या हंगामात कोल्बी दोन मॅच जिंकला. त्याच्या पुढल्या वर्षी तीन. काढला त्याला. ज्यांनी केक आणला होता त्यांनीच कोल्बीच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवली, चेष्टा म्हणून. दोन महिन्यांनी खरी पाटी लागली. गेले अकरा तासांवर. आणि मी काय ठरवलं होतं — मी म्हटलं होतं, एक वर्ष तरी यांचं नाव वर जायला नको. वर गेलं की मोठं कॉलेज येणार, पैशाची थैली दाखवणार, कोल्बीला उचलणार, आणि मार्ला आणि टेसा —

नाही. तसं नाही म्हणायचं मला. ते पक्षपाताचं होतं. सांगितलं ना, मतं जाहीर होतात.

बरं. असू द्या. तुम्ही कोण, मी कोण. पुन्हा भेट होते कशाला? आर्डिथ तीन वर्षांमागे गेली होती, घर खायला उठायचं. ती पोर चप्पल न घालता रस्ता ओलांडून यायची तेवढाच काय तो माझा दिवस. मी पेन हातात धरून बसलो होतो आणि समोरच्या खिडकीत मार्ला भांडी घासत होती, दिव्यात दिसत होती. आणि मला वाटलं, एक नाव तर काढायचंय. पंचवीसमधलं एक. साठ माणसांतला मी एक माणूस, माझ्या एका मताने काय होतंय! राहतील. अजून एक वर्ष राहतील. हे कोणाला सांगितलं नव्हतं मी. तुमची टोपी हिरवी नसती तर तुम्हालाही सांगितलं नसतं.

मार्लाला? तिला सांगायला लागलं नाही. मतं जाहीर होतात. सामान भरताना आली, इथे पायरीवर उभी राहिली. मी ते पक्षपाताचं सुरू केलं, तशी म्हणाली — बाबा, पक्षपात कोणाला म्हणतात मला माहितीये, आईच्या आजारपणात तुमचं पान मीच काढत होते. आम्ही जिंकलेलं तुम्हाला नको होतं. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. मी कबूल करायला पाहिजे होतं तेव्हा. मी काय म्हटलं? मी म्हटलं, ट्रकवाल्याला सांग गवतावर चाक घालू नको.

चार वर्षं होत आली. नाताळला कार्ड येतं, छापील, खाली टेसाची सही. अक्षर छान झालंय. आणि यंदा वेळापत्रक आलं तर पहिलीच मॅच हार्लो, आणि तीही इथे! त्या संगणकाला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या आणि बघा. मी कळवलं तिला — झाडाखाली जागा ठेवलीय. नुसतं तेवढंच, बाकी काही नाही. वाचलंय तिने, फोनवर खूण दिसते. उत्तर नाही, पण गाडी चालवत असेल. सकाळी टीमच्या बस गेल्या इथून. कोल्बीने हात केला, मला वाटतं केला, काच काळी होती. ती काही बसमध्ये नसते, ती मागून गाडीने येते. अडीचच्या आधी कधीही येईल. ढोल सुरू झाले ऐकलेत? म्हणजे अजून तासभर आहे. तुम्ही ओळखता ना तिला? तुमच्याच गावची आता. उंच आहे, चालताना मान थोडी —

काय?

कधी, आज? कुठे?

चर्चच्या मागे. म्हणजे तुम्ही भाव विचारायला गेलात तेव्हा. निळी गाडी, हां. आणि बरोबर मुलगी. केवढी झालीय? मार्लाच्या खांद्याला लागते? हिरव्या फिती वाटत होत्या. तुम्हालाही दिली? दाखवा. हो, ही गाठ आर्डिथची आहे, दोनदा फिरवून. तिनेच शिकवली होती.

तिथून इथे गाडीने एक मिनिट लागत नाही. तो कोपरा वळला की हे झाड दिसतं.

तिथे तीस डॉलर घेतात.

नाही, नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेताय? तुमची फीत घ्या. बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी संध्याकाळपर्यंत बसलो असतो. उठा आता, रांग लागेल दारावर. मी नाही येत, मी आत जात नाही. गाडीकडे बघतो तुमच्या. जा.

ओ, लाल ट्रकवाले! हॉर्न नका वाजवू, ऐकू येतं मला. आहे, जागा आहे. एकच आहे. या आत. झाडाखाली, हो, तिथेच. पुढे घ्या. अजून पुढे. बिनधास्त घ्या, गवताचं काही नाही. बस्स.

वीस डॉलर.