रॅबच्या हातचा चहा

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आपल्या नगराध्यक्षा श्रीमती इंग्लिस. व्यासपीठावरचे क्लबचे चेअरमन श्री. कार्सवेल आणि सन्माननीय संचालक; ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आमचे मॅनेजर रॅब डन्समोर आणि नेटावहिनी; आणि आपल्या ऑकनली थिसल फुटबॉल क्लबवर जीव टाकणाऱ्या, पावसात उभं राहून आम्हाला शिव्या घालणाऱ्या सभ्य स्त्री-पुरुषहो,

मी ह्यूई लॅमोंट. आधी रॅबचा कप्तान, मग बारा वर्षं त्याचा मदतनीस. मला भाषण येत नाही, आणि खरं सांगायचं तर आज बोलायचं त्राणही नाही. गुडघे दुखतात. तीन आठवडे धड झोप नाही.

रॅबची कारकीर्द मघाशी वाचून दाखवली. खाणीतून मैदानात, ग्लासगोत नऊ हंगाम, मग इथे मॅनेजर, संघाला दोनदा वरच्या विभागात नेलं, त्र्याहत्तरचा कप जिंकला. सगळं बरोबर आहे. पण त्यात चहा आलाच नाही. चहा वगळून रॅब कसा सांगणार?

नव्या मंडळींसाठी सांगतो. खेळाडू असताना रॅबला संघातून वगळल्याचं त्याला भिंतीवरच्या कागदावरून कळलं होतं, मागून दहा जण वाचत असताना. मॅनेजर झाल्यावर त्याने ठरवलं, ज्याला शनिवारच्या सामन्यातून वगळायचं त्याला शुक्रवारी सरावानंतर आपल्या हातचा चहा द्यायचा आणि समोर बसून सांगायचं. कुणाला किती साखर, त्याला पाठ. खेळाडूंनी इतकी धास्ती घेतली की घरी बायकोने कप पुढे केला तरी दचकायचे. आमचा गोलकीपर मंगो टेट एकदा म्हणाला, "साहेब, मला तहान नाही." रॅब म्हणाला, "तहानेसाठी नाहीच आहे तो. घे."

त्र्याहत्तरच्या फायनलच्या आदल्या दिवशी तो चहाचा कप माझ्यापुढे आला. मी कप्तान, वय छत्तीस. साखर तीन चमचे, मला लागते तेवढी. मी कप भिंतीवर फेकला. रॅबने फडक्याने भिंत पुसली आणि म्हणाला, "ह्यूई, तुझे पाय संपले रे, डोकं नाही संपलं. सोमवारी ये, माझ्याबरोबर काम कर." दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकलो. माझ्याशिवाय. त्याचं बरोबर होतं, आणि मला अजून राग येतो.

आता निमंत्रणपत्रिकेवर 'स्वेच्छेने निवृत्त' असं छापलंय. श्री. कार्सवेल, छपाई सुरेख आहे. पण तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच मला म्हणालात ना, "संचालकांना तरुण मॅनेजर हवाय. रॅबचं नि तुमचं जमतं, तुम्हीच त्यांना सांगा"? मी नाही म्हटलं असतं, तर त्याला ते टपालाने कळलं असतं. म्हणून मी चहा केला आणि त्याच्या खोलीचं दार ढकललं. रॅबने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "साखर विसरलास." तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

रॅब, नोकरी तुझी गेली, पण झोप माझी गेलीय. या वयात मी नवा मित्र कुठून आणू?

थांबा. वहिनी, हा कुठे निघाला? किटलीकडे? हसू नका, मंडळी. रॅब कप घेऊन आला म्हणजे काय, हे या हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

मागच्यांना ऐकू आलं नसेल. तो म्हणतोय, "पुरे आता, ह्यूई. तुला वगळलंय. ये, बस माझ्याशेजारी."

एक घोट घेऊ द्या.

तीन चमचे.

अध्यक्षबाई, बोलू दिलंत, आभारी आहे. संचालकांना लागेल असं काही बोललो असेन, तर थकलेला माणूस म्हणून सांभाळून घ्या. मी बसतो. या वेळी भिंतीला धोका नाही.